निकाल मान्य आहे, कारणे हवीत
एकांकिका व नाट्यस्पर्धांच्या परीक्षणाबाबत हौशी नाट्यसंघांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
राज्यातील एकांकिका व नाट्यस्पर्धा भरवणाऱ्या आयोजक संस्था आणि त्यांची परीक्षक मंडळे यांस,



स्पर्धेचा निकाल लागला की अर्ध्या तासात नाट्यगृह रिकामे होते. मागच्या दाराशी टेम्पो लागलेला असतो, त्यात लेव्हल चढवल्या जात असतात, कुणी फ्लॅटचे खिळे उपटत असतो. गेल्या मोसमात अशाच एका रात्री साडेबाराच्या सुमारास आमच्या एका सभासद संघाची दिग्दर्शिका परीक्षकांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. वय वर्षे वीस. तिने एवढेच विचारले, “सर, आमचं नेमकं कुठे कमी पडलं?” परीक्षक सज्जन गृहस्थ. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, “छान होता प्रयोग. करत राहा.” गाडी निघून गेली.

त्या संघाने अडीच महिने तालीम केली होती. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी सहा ते दहा, कुणाच्या तरी सोसायटीच्या गच्चीवर, पाऊस आला की जिन्यात. हातात आले ते सहभागाचे प्रमाणपत्र. “करत राहा” म्हणजे काय करत राहायचे, हा प्रश्न ती मुलगी आमच्या सभेत घेऊन आली, आणि हे मागणीपत्र तिथून सुरू झाले.

आम्ही हौशी मंडळी आहोत. प्रवेश शुल्क भरतो, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळवतो, टेम्पो आणि लाइट्सचे भाडे वर्गणीतून देतो. आमच्यात करंडक उचललेले संघ आहेत, तसेच कित्येक वर्षे उत्तेजनार्थसुद्धा न मिळालेले आहेत. या पत्रावर दोघांच्याही सह्या आहेत, कारण गाऱ्हाणे हरलेल्यांपुरते नाही. आपण का जिंकलो, हे जिंकलेल्यांनाही कुणी सांगितलेले नाही.

परीक्षकाच्या आवडीनिवडीवर आमचा आक्षेप नाही. नाटक तराजूत घालून मोजता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तिघांना तीन वेगळी नाटके आवडली तर त्यात काही बिघडले असे आम्ही मानत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे: निवड कशी झाली ती पद्धत आधी सांगा, आणि का झाली ते नंतर सांगा.

हा आग्रह का, ते थोडे विस्ताराने मांडतो. १९५४ मध्ये राज्य नाट्य महोत्सव म्हणून सुरू झालेली आजची राज्य नाट्य स्पर्धा असो, की १९६३ पासून पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक भरवत असलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा असो, मराठी रंगभूमीला नवा लेखक, नवा नट पुष्कळदा याच वाटेने मिळाला. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगायनने उभे केले, तेही राज्य स्पर्धेच्या निमित्ताने. ज्या नाटकावर व्यावसायिक निर्माता पैसे लावणार नाही, ते स्पर्धेत उभे राहते. म्हणून स्पर्धेचा परीक्षक कुणाला बक्षीस देतो, यावर पुढच्या वर्षी काय लिहिले जाईल हे ठरते.

आणि नेमके इथे नुकसान होते. कारणे सांगितली जात नाहीत, तेव्हा संघ अंदाज बांधतात. जिंकलेल्या एकांकिकेत सात ब्लॅकआऊट होते, मग ब्लॅकआऊट हवेत. शेवटी आई मरते, मग कुणीतरी मेले पाहिजे. फिरता सेट होता, मग चाके लावा. पुढच्या मोसमात त्याच एकांकिकेच्या पाच नकला येतात. परीक्षक वैतागतात, “सगळे एकाच साच्यातले” म्हणतात. त्या एकांकिकेत त्यांना खरोखर काय भावले होते, कदाचित दोन पात्रांमधली एक साधी गप्पांची जागा, हे कुणाला कळलेच नाही. साचा तयार होतो तो या मौनातून.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी लेखी अभिप्रायाची आहे. प्राथमिक फेरीपासून प्रत्येक संघाला, नंबर येवो न येवो, परीक्षक मंडळाचा किमान एक परिच्छेद मिळावा. प्रयोगात काय उभे राहिले, काय राहिले नाही आणि कोणत्या जागी, इतके त्यात असले तरी पुरे. आमच्या एका सभासदाने एका स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून अंतिम फेरीच्या गुणपत्रिका गोळा केल्या होत्या. त्याने पाहिलेला कागद असा होता: आडव्या रकान्यांत संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, मग एकूण, आणि सगळ्यात शेवटी, कागदाच्या कडेला, बोटभर रुंदीचा ‘शेरा’. नऊ संघांपैकी सात जणांपुढचा शेरा कोरा. एकापुढे ‘ठीक’. एकापुढे ‘ऊर्जा चांगली’. आकडे पेन्सिलीने अंधारात लिहिलेले, त्यामुळे एका ठिकाणी ६ आहे की ८, यावर बेरीज करणाऱ्यांत चर्चा झाली, आणि तोवर परीक्षक व्यासपीठावर जाऊन बसलेही होते. हा दोष त्या परीक्षकांचा आम्ही मानत नाही. बोटभर रकान्यात माणूस लिहिणार काय? रकाना मोठा करा. दोन प्रयोगांमध्ये लिहायला वेळ द्या. टेबलावर नीट दिवा द्या. निकालानंतर आठवडाभरात अभिप्राय संघापर्यंत पोहोचवा. आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक आणि संघ तासभर समोरासमोर बसू द्या. आमच्यातल्या जुन्या मंडळींना विचारा, बक्षिसाचा चषक कुठे आहे हे त्यांना आठवत नाही; कुणा परीक्षकाने पायरीवर बसून सांगितलेले दोन शब्द मात्र आठवतात.

दुसरी मागणी बेरजेविषयी. बहुतेक स्पर्धांत तीन परीक्षकांचे गुण एकत्र मिळवतात आणि ज्याची बेरीज जास्त तो पहिला. वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण एक उदाहरण घ्या. पहिला परीक्षक मोकळ्या हाताचा आहे: आवडले तर ८८, नाही आवडले तर ५५. दुसरा आणि तिसरा जपून गुण देणारे, साठ-सत्तरच्या बाहेर जात नाहीत. ‘अ’ संघाला मिळाले ८८, ६२, ६३, एकूण २१३. ‘ब’ संघाला ५५, ६८, ६९, एकूण १९२. तिघांपैकी दोघांना ‘ब’ सरस वाटला, तरी ‘अ’ २१ गुणांनी पहिला. कुणीही लबाडी केलेली नाही. फक्त ज्याच्या गुणांमध्ये चढउतार मोठा, त्याच्या एकट्याच्या हातात निकाल गेला. पुष्कळदा स्वतः परीक्षकांनाही निकाल ऐकून आश्चर्य वाटते, ते याच कारणाने.

यावर उपाय कठीण नाही. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचे स्वतःचे क्रमांक लावावेत आणि बेरीज क्रमांकांची करावी. वरच्या उदाहरणात मग ‘ब’ पुढे येतो. पण आम्ही एवढ्यावर थांबू इच्छित नाही, कारण क्रमांकांनाही उणीव आहे: पहिल्या-दुसऱ्यातले अंतर उन्नीस-वीस होते की जमीन-अस्मानाचे, हे त्यांत दिसत नाही. म्हणून आकडे फक्त वरचे चार-पाच संघ बाजूला काढण्यापुरते वापरावेत, आणि त्यांच्यातला निर्णय चर्चा करून, मग गुप्त मतदानाने घ्यावा. कानच्या चित्रपट महोत्सवात परीक्षक मंडळ बंद दाराआड बोलते आणि मतदान करते, गुणांची बेरीज करत नाही. चर्चेत माणसाचे मत बदलू शकते. गुणपत्रिकेला ती सोय नसते.

चर्चेला मात्र वेळ लागतो, आणि तो आज दिला जात नाही. शेवटच्या एकांकिकेचा पडदा पडतो, प्रमुख पाहुण्यांची भाषणे सुरू होतात, आणि तिकडे मेकअप रूममध्ये उभ्या उभ्या बेरजा चाललेल्या असतात. अंतिम फेरीनंतर किमान दीड तास परीक्षकांना एकांत मिळावा. पाहुण्यांना उशीर होत असेल तर पारितोषिक वितरण दुसऱ्या दिवशी ठेवावे. अंतिम फेरीला तीनऐवजी पाच परीक्षक असावेत, अशीही विनंती आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगच्या परीक्षणाचा मोठा घोटाळा झाला. त्यानंतर तिथली जुनी पद्धतच मोडीत निघाली आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळण्याची रीत आली. आपल्याकडे तीनच परीक्षक असताना तसे करायला जावे तर एकच माणूस उरतो.

क्रमाविषयी थोडेसे. पहिल्या दिवशीची पहिली एकांकिका करणाऱ्या संघाला विचारा, त्यांना चिठ्ठी निघाल्याक्षणी पोटात गोळा का येतो. पुढे काय काय येणार आहे कोण जाणे, म्हणून परीक्षक हात आखडता ठेवतात. हे मनाचे खेळ नाहीत. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत अंतिम फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरतो. तरी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की आरंभीच्या दिवशी वाजवणाऱ्यांपेक्षा नंतर वाजवणाऱ्यांच्या पदरात वरचे क्रमांक जास्त पडले होते. तिथले परीक्षक जगातले नावाजलेले वादक. मग रोज तीन एकांकिका, असे दोन-दोन आठवडे बसणाऱ्या आपल्या परीक्षकांकडून याहून वेगळी अपेक्षा कशी करावी? शेवटच्या दिवसापर्यंत आधीचे गुण बदलण्याची मुभा त्यांना लेखी द्यावी, आणि रोज रात्री गुणपत्रिका सीलबंद करण्याची प्रथा थांबवावी. सील मारल्याने विश्वास वाढतो असे आयोजकांना वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दिवसाचा अन्याय त्यात बंद होतो.

आता नाजूक गोष्ट. नाटकवाल्यांचे जग लहान आहे. ज्याने जूनमध्ये शिबिर घेतले तो ऑगस्टमध्ये परीक्षक असतो, आणि समोर त्याचेच शिबिरार्थी असतात. कुणी त्या कॉलेजचा माजी विद्यार्थी, कुणाच्या मालिकेत त्या संघातली मुलगी काम करते. असे संबंध असणे हा गुन्हा नाही; नाहीतर परीक्षक आणायचे कुठून? पण ते सांगितले जात नाहीत, म्हणून कुजबुज होते, आणि कुजबुजीत चांगल्या माणसांची नावे खराब होतात. कानच्या नियमांत स्पर्धेतल्या चित्रपटाच्या निर्मितीत वा विक्रीत सहभाग असलेल्या व्यक्तीला परीक्षक मंडळात बसता येत नाही. आमची मागणी त्याहून सौम्य आहे. संहिता, दिग्दर्शन किंवा तालमीत ज्याचा हात लागला असेल त्याने त्या स्पर्धेत परीक्षक होऊ नये. बाकीचे नातेसंबंध फेरी सुरू होण्याआधी एका कागदावर लिहून द्यावेत आणि त्या संघापुरते मत देऊ नये. तो कागद नाट्यगृहाच्या फलकावर लावावा.

बोलींविषयीची मागणी आमच्या खानदेश, कोकण आणि विदर्भातल्या सभासदांनी आग्रहाने घालायला लावली आहे. अहिराणीत बोलणाऱ्या शेतमजुराच्या भूमिकेला ‘उच्चार शुद्ध नाहीत’ असा शेरा मिळाला आहे. मालवणीतल्या एका प्रयोगाला सभागृह हसत होते आणि परीक्षक एकमेकांना अर्थ विचारत होते. झाडीपट्टीतून रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलांना ‘भाषेवर मेहनत घ्या’ असे सांगितले गेले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या वर्षी ती मुले पुण्यासारखे बोलू लागली. या शेवटच्या वाक्यानंतर आमच्या सभेत बराच वेळ शांतता होती. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत आधी पाच विभागीय मंडळे चित्रपट पाहतात आणि मग केंद्रीय मंडळ. भाषा समजणाऱ्याने आधी पाहावे, हा त्यातला साधा विचार आहे. प्रवेशिकेत बोलीचा उल्लेख असेल तर ती बोली समजणारा निदान एक परीक्षक त्या फेरीत असावा, आणि ‘शुद्ध उच्चार’ हा निकष गुणपत्रिकेतून काढून ‘पात्राला साजेसे बोलणे’ असा करावा.

पारितोषिक न देण्याचा, किंवा विभागून देण्याचा अधिकार. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक दिला नाही. त्या स्पर्धेच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडले. त्यावर राज्यभर दोन्ही बाजूंनी बोलले गेले. आमच्या संघटनेतही दोन तट पडले. बऱ्याच चर्चेनंतर आम्ही एकमताने ज्या भूमिकेवर आलो ती अशी: परीक्षकांना तो अधिकार असलाच पाहिजे. करंडक दरवर्षी कुणाला तरी द्यायचाच, असे ठरले तर तो पुढे कपाटातली वस्तू होतो. पण या अधिकाराची तरतूद प्रवेशिकेत छापलेली असावी, आणि तो वापरताना सर्व संघांना सविस्तर लेखी कारण मिळावे. विभागून देण्याचेही तसेच. कानमध्ये १९९३ आणि १९९७ या दोन्ही वर्षी पाल्म द’ओर दोन चित्रपटांत विभागला गेला. आज तिथल्या नियमांत हा सर्वोच्च पुरस्कार विभागून देता येत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. दोन्हींपैकी कोणताही नियम ठेवा. मात्र “त्यांना पहिले नाही देता आले, म्हणून अभिनयाचे देऊन टाकू” ही न लिहिलेली वाटणी बंद व्हावी. त्यात ज्या मुलाने खरोखर उत्तम काम केले त्याच्या हातचे पारितोषिक जाते.

परीक्षकांच्या निर्णयात आयोजकांनी, प्रायोजकांनी आणि पाहुण्यांनी हात घालू नये, ही मागणी लिहावी लागते याचे वाईट वाटते. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीसाठी परीक्षक मंडळाने भारतीय पॅनोरमात निवडलेले रवी जाधव यांचा ‘न्यूड’ आणि सनलकुमार शशिधरन यांचा ‘एस दुर्गा’ हे दोन चित्रपट केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढले. ‘न्यूड’ने तर त्या विभागाचे उद्घाटन व्हायचे होते. मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. त्याआधी १९७० मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मिखाएल फरहोवेन यांच्या व्हिएतनामवरच्या ‘ओ.के.’ या चित्रपटावरून परीक्षक मंडळात इतके बिनसले की मंडळ विसर्जित झाले आणि त्या वर्षी पुरस्कारच दिले गेले नाहीत. आपल्या स्पर्धांत इतके मोठे काही घडत नाही. घडते ते चहाच्या कपावर: “अमुक गावाचा संघ पहिल्यांदाच आलाय, बघा काही करता आलं तर.” त्यामागची भावना चांगली असते, तरीही परीक्षकांच्या खोलीत आयोजकांपैकी कुणी नसावे. नियमांची शंका आली तर बोलावून घेण्यासाठी एक व्यक्ती दाराबाहेर असावी.

परीक्षकांसाठीही आम्ही मागतो आहोत. त्यांना योग्य मानधन मिळावे, रात्री उशिरा परतण्याची सोय व्हावी, आणि निम्मे परीक्षक तरी दरवर्षी बदलावेत. परीक्षकांमध्ये लेखक, दिग्दर्शक आणि नट यांच्याबरोबर एखादा प्रकाशयोजनाकार किंवा नेपथ्यकार असावा. प्रकाशयोजनेचे पारितोषिक ठरवणाऱ्या तिघांपैकी एकानेही कधी स्पॉट हातात धरलेला नसतो, असे आम्ही पाहिले आहे.

आमच्याकडून आम्ही काय देऊ, तेही लिहितो. अभिप्राय कितीही कडू असला तरी कोणताही संघ तो जाहीरपणे परीक्षकावर उलटवणार नाही. निकालाच्या वेळी दुसऱ्या संघाची हुर्यो उडवली जाणार नाही. आपल्या संघाच्या घोषणा देण्याचा हक्क मात्र आम्ही सोडत नाही. कुणा परीक्षकाला सोशल मीडियावर नावानिशी शिव्या घातल्या गेल्या, तर त्या संघाला संघटना पाठीशी घालणार नाही; तक्रार करायची असेल तर ती आयोजकांकडे लेखी, आठ दिवसांत करता येईल. अभिप्राय टंकून संघांपर्यंत पोहोचवण्याचे काम मनुष्यबळाअभावी अडत असेल, तर आमचे सभासद ते विनामोबदला करतील. ज्या स्पर्धेत सभासदाचा संघ उतरला असेल, तिथे अर्थातच तो हे काम करणार नाही.

पुढच्या मोसमाच्या प्रवेशिका छापायला जाण्यापूर्वी आपल्यासोबत बसून बोलावे, अशी इच्छा आहे. आमच्या बाजूने पाच जण येतील. त्यात ती वीस वर्षांची दिग्दर्शिका असेल. तिच्या एकांकिकेची संहिता आणि कोऱ्या शेऱ्याच्या रकान्याचा नमुना ती सोबत आणणार आहे.

आपले,
संघटनेच्या सर्व सभासद नाट्यसंघांच्या वतीने
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी